करंट की पेट्रोल? जुनी चेतक सुरू होत नाही तेव्हा

जुनी टू-स्ट्रोक चेतक सुरू झाली नाही की सोसायटीच्या पार्किंगमध्ये सल्ले देणारे जमतात. एक म्हणतो तिरपी करा, दुसरा म्हणतो चोक ओढा, तिसरा बाह्या सरसावून म्हणतो, "सेकंडला टाका, ढकलू आपण." यातला प्रत्येक सल्ला कधी ना कधी, कुणाच्या ना कुणाच्या गाडीवर लागू पडलेला असतो, म्हणूनच तो टिकला आहे. गोम एवढीच की तो कुठल्या बिघाडावर लागू पडला होता, हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नसेल तर तिरपी करून फायदा होतो. पेट्रोल आधीच जास्त झालं असेल तर तीच युक्ती गाडीला आणखी बुडवते.

म्हणून पाय दुखेपर्यंत किक मारत बसण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा: करंट नाही, की पेट्रोल नाही? जुन्या मेकॅनिकची निम्मी विद्या या प्रश्नात आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा स्पार्क प्लग देतो.

आधी आपण कुठल्या गाडीबद्दल बोलतोय ते ठरवू. बजाजने इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्याखाली व्हेस्पा बनवल्या, तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक बाहेर पडू लागली. १४५ सीसीचं एक सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, उजव्या बाजूच्या फुगीर कव्हरखाली. डाव्या मुठीत गिअर. सुपर, साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सने बनवलेली प्रिया, कानपूरची एलएमएल व्हेस्पा, या सगळ्या एकाच कुळातल्या. बारीक फरक आहेत, पण पुढे जे सांगतोय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू होतं. २००२ नंतरची फोर-स्ट्रोक चेतक मात्र वेगळी, आणि २०२० पासून रस्त्यावर आलेल्या इलेक्ट्रिक चेतकचा तर या लेखाशी नावापलीकडे काही संबंध नाही.

इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात. हवा आणि पेट्रोल यांचं योग्य मिश्रण, ते पेटवणारी ठिणगी, आणि पेटण्याआधी ते मिश्रण दाबून धरणारं कॉम्प्रेशन. तिन्ही असतील आणि ठिणगी वेळेवर पडत असेल तर इंजिनाला सुरू व्हावंच लागतं. एक गोष्ट मात्र लागत नाही, ती म्हणजे बॅटरी. सेल्फ-स्टार्टच्या गाड्यांची सवय झालेल्यांचा इथेच घोटाळा होतो. हॉर्न वाजत नाही, इंडिकेटर मंद आहे, म्हणजे बॅटरी गेली, म्हणून स्कूटर सुरू होत नाही, असं ते धरून चालतात. चेतकचा मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः बनवतो. किक मारली की चुंबक लावलेलं जड चाक फिरतं, आतल्या कॉइलमध्ये वीज तयार होते आणि तीच पुढे प्लगपर्यंत जाते. बॅटरी काढून घरात ठेवली तरी धडधाकट चेतक सुरू होते. २०२० च्या बीएस-६ नियमांनंतरच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या स्कूटरला बॅटरी लागते, कारण तिथे पेट्रोल आत ढकलणारा पंपच विजेवर चालतो. तिथला सल्ला इथे चालत नाही आणि इथला तिथे.

या मॅग्नेटोच्या स्वभावातून एक उपयोगी गोष्ट निघते. चाक जितकं जोरात फिरेल तितकी ठिणगी तगडी. म्हणजे अर्धवट, घाबरत मारलेल्या दहा किका एका पूर्ण, खालपर्यंत नेलेल्या किकेची बरोबरी करू शकत नाहीत. गाडी न्यूट्रलमध्ये हवी आणि क्लच सोडलेला हवा. या इंजिनात किकचा जोर क्लचमधूनच क्रँकपर्यंत, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्यापर्यंत, जातो, त्यामुळे क्लच दाबून किक मारली तर नुसता पाय हलतो, इंजिन फिरत नाही. क्लच प्लेटा झिजल्या असतील तरी हेच होतं: किक मऊ लागते, "फुकट" जाते, आणि माणूस उगाच कॉम्प्रेशन गेलं म्हणून रडतो.

आधी फुकटातल्या गोष्टी

यावर वेळ घालवत नाही, पण वगळूही नका. टाकी उघडून आत डोकावून बघा, काट्यावर किंवा आठवणीवर विसंबू नका. सीटखालचा पेट्रोल कॉक चालू आहे का? पेट्रोल कमी असेल तर रिझर्व्हला टाका. चावी चालू आहे का, बंद करायचं बटण आत अडकून बसलेलं नाही ना, हे पाहा.

मग चोक. थंड इंजिनाला जास्त पेट्रोलवालं मिश्रण लागतं, कारण थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही. चोक ते देतो. पण या कार्बोरेटरमधला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागातला, चोक म्हणजे हवेचा रस्ता बंद करणारी चकती नाही. ती पेट्रोलची एक वेगळी छोटी वाट आहे, आणि थ्रॉटल बंद असताना इंजिन जोरात ओढतं तेव्हाच ती नीट काम करते. म्हणून चोक ओढून वर एक्सिलेटर पिळत किक मारण्याची जी सर्रास सवय आहे, ती चोकचा परिणाम घालवते. चोक ओढा, मूठ सोडा, दोन किका सावकाश, तिसरी जोरात. सुरू झाली की थोड्या वेळात चोक आत. गरम इंजिनाला चोक द्यायचाच नाही.

एवढं करूनही काही नाही? मग कव्हर काढा.

प्लग काय सांगतो

किका मारून झाल्यावर लगेच प्लग खोलायचा, तासाभराने नाही, कारण मधल्या वेळात साक्ष वाळून जाते. उजवं कव्हर काढलं की प्लगची टोपी दिसते. टोपी सरळ ओढा, वायरला धरून नको. प्लग पाना लावून प्लग सोडवा आणि उजेडात धरा.

प्लग कोरडा खडखडीत असेल तर पेट्रोल पोचलेलंच नाही. शोध टाकी, कॉक, पाइप आणि कार्बोरेटर या वाटेवर घ्यायचा. करंट असेलही, नसेलही, पण पेटवायलाच काही नाही.

ओला असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही. इथे दोन शक्यता: करंट नाही, किंवा पेट्रोल इतकं झालं आहे की ठिणगीच बुडाली.

काळा, तेलकट, टोकावर चिकट काजळी असेल तर ऑइल जास्त पडतंय किंवा मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. चेतकला लिटरभर पेट्रोलमागे त्यात मिसळायचं २० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल पुरतं. "इंजिन जुनं आहे, थोडं जास्त घालू" म्हणून अंदाजे ओतलेलं ऑइल इंजिनाचं आयुष्य वाढवत नाही. प्लग आणि सायलेन्सर मात्र लवकर भरवतं. उलट ऑइलच घालायचं राहिलं तर पिस्टन जाम होतो, आणि तो खर्च मोठा असतो. एखाद्या बिस्किटासारखा तपकिरी, कोरडा पण राखाडलेला नसलेला प्लग दिसला तर इंजिन कालपर्यंत उत्तम जळत होतं असं समजा.

एक खास टू-स्ट्रोक आजारही इथेच सापडतो. प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीत काजळीचा केसाएवढा धागा आडवा बसतो. ठिणगीला उडी मारायची गरजच उरत नाही. वीज त्या धाग्यावरून निघून जाते. गाडी चालता चालता खटकन बंद पडते आणि मग कितीही किका मारा. नख किंवा कागदाची कड फिरवली की धागा निघतो आणि पहिल्या किकेला गाडी सुरू होते. बघणाऱ्याला जादू वाटते. बरोबर प्लग पाना आणि एक जास्तीचा प्लग डिकीत का ठेवायचे, याचं यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही.

करंट तपासताना

खोललेला प्लग परत टोपीत खोचा, त्याचा आट्यांचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. हात टोपीवर नको, रबरी मुठीच्या पकडीने धरा. झटका जीवघेणा नसला तरी हात झटकून कव्हरच्या पत्र्यावर आपटतो. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, म्हणून प्लग भोकापासून लांब टेकवा आणि हे काम मोकळ्या हवेत करा. सिगारेटवाल्या शेजाऱ्यांना त्या वेळी चहाला पाठवलेलं बरं.

निळसर, कडक, टिकटिक आवाज करणारी ठिणगी म्हणजे करंट आहे. पिवळट, मरतुकडी, कधी पडते कधी नाही अशी ठिणगी म्हणजे करंट नाही असंच धरा. पण "निळी ठिणगी पडली, म्हणजे प्लग चांगला" हा निष्कर्ष इथे घसरतो. बाहेर उघड्या हवेत ठिणगीला उडी मारणं सोपं असतं. आत सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून उडी मारायला कितीतरी जास्त दाबाची वीज लागते. बाहेर ठणठणीत दिसणारा जुना प्लग आत गेला की मान टाकतो. म्हणून शंका असेल तर तपासत बसू नका, नवा प्लग लावून बघा. या सगळ्या खटाटोपातली ती सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. नंबर मात्र गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्या, आणि दोन टोकांतली फट साधारण ०.६ मिमी ठेवा.

ठिणगी नाहीच? मग उलटं मागे मागे जायचं. आधी प्लगची टोपी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि घाटात, तिच्यात ओल शिरते. पुसून, वाळवून बघा. टोपी काढून नुसत्या वायरचं टोक इंजिनापासून थोड्या अंतरावर धरून ठिणगी येते का बघा. आली तर दोष टोपीत. नंतर येते ती बंद करण्याची वायर, आणि हिला मी वरचा नंबर देईन. या गाड्या बंद होतात त्या मॅग्नेटोचा करंट बॉडीला मिळवून. बटणापासून येणारी ती वायर हँडलच्या वळणात कुठेतरी सोलली गेली, बॉडीला टेकली, की गाडीला वाटतं कुणीतरी कायम बटण दाबून धरलंय. ती वायर जोडावरून सोडवा आणि पुन्हा ठिणगी बघा. आली तर वायरिंगचा दोष, इंजिनाचा नाही, आणि मोठा खर्च वाचला. (ती सोडवून गाडी सुरू केलीत तर बटणाने बंद होणार नाही; गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून बंद पाडावी लागेल.)

पुढचा टप्पा गाडी पॉइंटवाली आहे की इलेक्ट्रॉनिक यावर अवलंबून आहे. जुन्या चेतकमध्ये मॅग्नेटोच्या चाकामागे सीबी पॉइंट असतात: दोन छोट्या धातूच्या बटणांसारखे, फिरणाऱ्या कॅममुळे उघडझाप करणारे. ते ज्या क्षणी उघडतात त्याच क्षणी ठिणगी पडते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर त्यांच्या तोंडावर गंजाचा पातळ थर बसतो आणि वीज पुढे जातच नाही. पंख्याचं कव्हर काढलं की चाकाच्या खिडकीतून ते दिसतात. झिरो नंबरचा पॉलिश पेपर दोन टोकांत धरून हलकेच घासा, आणि मग साधा कोरा कागद मधे धरून ओढून घ्या. हे दुसरं काम लोक विसरतात. पॉलिश पेपरचा कण आत राहिला तर घासून उपयोग शून्य. पूर्ण उघडलेल्या पॉइंटमधली फट ०.३ ते ०.५ मिमीच्या मध्ये हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर अडीअडचणीला जाडसर व्हिजिटिंग कार्डावर भागतं.

गाडी एका दिवसात बंद न पडता महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू हट्टी होत गेली असेल, तर बहुधा पॉइंटची टाच झिजली आहे. कॅमवर घासणारा तो फायबरचा तुकडा झिजला की फट कमी होत जाते आणि टायमिंगही मागे सरकतं. कॅमला तेल-ग्रीस पुरवणारी जी नमद्याची छोटी गादी असते, ती कोरडी पडली की हे लवकर होतं.

पॉइंटच्या जोडीला कंडेन्सर, म्हणजे पॉइंट उघडताना वीज साठवून घेणारा छोटा भाग. तो खराब झाला की पॉइंटच्या तोंडावरच मोठी ठिणगी दिसते आणि प्लगवरची दुबळी होते. त्याचं खास लक्षण म्हणजे थंड असताना गाडी सुरू होते, तीन-चार किलोमीटरवर बंद पडते, आणि अर्धा तास थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी सुरू होते. प्लगसाठी जास्त दाबाची वीज बनवणारा एचटी कॉइलही असाच वागू शकतो. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक चेतकमध्ये पॉइंट आणि हा कंडेन्सर नाहीत, त्यांच्या जागी ठिणगी पाडणारं इलेक्ट्रॉनिक सीडीआय युनिट आणि त्याला वेळेचा इशारा देणारी पिकअप कॉइल. तिथे घासण्या-पुसण्यासारखं काही नाही. जोडांवरचा गंज साफ करा, अर्थिंगचा नट आवळा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर ओळखीच्या चालू गाडीचं युनिट लावून बघणं हाच व्यवहारी उपाय.

पेट्रोलची वाट

प्लग कोरडा होता तर इकडे यायचं. चेतकमध्ये पेट्रोल पंप नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. म्हणजे वाटेत जरा अडथळा आला की संपलं.

सगळ्यात फसवा अडथळा टाकीच्या झाकणात असतो. पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला हवी, म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. ते धूळ, गंज किंवा एखाद्या किड्याच्या मातीने बुजलं की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. लक्षण कंडेन्सरसारखंच: थोडं चालून बंद. फरक असा की इथे झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि गाडी लगेच सुरू होते, गार व्हायची वाट बघावी लागत नाही. दोन आजारांचं एकच रूप, आणि एका झाकणाने निवाडा. हे करून न बघता कंडेन्सर, कॉइल, सीडीआय असं सगळं ओळीने बदललेल्या गाड्या गॅरेजात भरपूर येतात.

झाकण ठीक असेल तर कार्बोरेटरकडचा पाइप सोडवा, खाली बाटली धरा आणि कॉक उघडा. चांगली सलग धार यायला हवी. थेंब-थेंब येत असेल तर कॉकच्या जाळीत गंज अडकलाय किंवा जुना पाइप आतून फुगलाय. पाइप फुगण्याचं प्रमाण आता वाढणार आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि या गाड्यांचे रबरी पाइप, वॉशर त्या काळात इथेनॉल डोळ्यासमोर ठेवून बनवलेच नव्हते. इथेनॉल हवेतली ओलही ओढून घेतं. पावसाळाभर अर्ध्या टाकीनिशी उभी ठेवलेली स्कूटर दिवाळीत सुरू न होण्यामागे हे एक कारण असतं: तळाशी पाणी जमतं आणि कॉकला पहिल्यांदा मिळतं ते पाणीच. पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घ्या आणि टाकी रिकामी करून आतून धुवा.

धार चांगली आहे, तरी प्लग कोरडा? आता कार्बोरेटर. एअर फिल्टरचं झाकण काढलं की खाली तो बसलेला दिसतो. गाडी काही महिने उभी असेल तर आत काय होतं ते लक्षात घ्या. पेट्रोल उडून जातं, पण त्यात मिसळलेलं ऑइल उडत नाही. ते मागे राहतं आणि घट्ट होत जातं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे असतात, त्यांना जेट म्हणतात. सगळ्यात आधी बुजतो तो पायलट जेट, कारण त्याचं भोक सगळ्यात बारीक. गंमत म्हणजे सुरू होताना आणि आयडलिंगला इंजिन याच जेटवर जगतं. मेन जेट पुढे, मूठ पिळल्यावर. म्हणून "ढकलून सुरू होते, मूठ पिळून ठेवली तर चालते, सोडली की बंद" असं कुणी सांगितलं तर बघितल्याशिवाय पायलट जेट म्हणायला हरकत नाही.

जेट बाहेर काढून उजेडासमोर धरा. गोल, स्वच्छ प्रकाशाचा ठिपका दिसायला हवा. चंद्रकोर दिसली तर आत कचरा आहे. पेट्रोलमध्ये बुडवून पंपाची हवा मारा. टाचणी किंवा तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक एकदा मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते आणि मग वर्षभर "ॲव्हरेज का देत नाही" हे कोडं सोडवत बसावं लागतं.

आता तिरपी करण्याबद्दल, कारण ती नुसती अंधश्रद्धा नाही. कार्बोरेटरच्या वाटीत एक फ्लोट तरंगत असतो आणि वाटी भरली की त्याच्यावरची निडल पेट्रोलची वाट बंद करते. गाडी अंगावर घेऊन तिरपी केली की फ्लोट जागेवरून हलतो, अडकलेली निडल सुटते, वाटीत नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल येतं. वाटी काठोकाठ भरते, म्हणजे फुकटचा चोक मिळतो. टाकीत तळाला उरलेलं पेट्रोल कॉकच्या बाजूला सरकतं तो वेगळाच लाभ. म्हणजे पेट्रोल कमी पडत असलेल्या गाडीवर हे चालतं, आणि दररोज तिरपी करावी लागत असेल तर गाडी तुम्हाला रोज सांगते आहे की निडल चिकटतेय, पायलट जेट भरलाय किंवा चोकची वायर ढिली आहे. तिरपी करणं हे औषध नव्हे, लक्षण आहे. ते वर्षानुवर्षं कौतुकाने सांभाळायचं कारण नाही.

उलट निडल उघडीच राहिली तर ओव्हरफ्लो. गाडीखाली पेट्रोलचा डाग, प्लग चिंब, किकला जडपणा. इंजिन पेट्रोलने भरलंय. इथे तिरपी करू नका, चोकला हात लावू नका. पेट्रोल कॉक बंद, प्लग बाहेर, टोपी इंजिनापासून लांब ठेवून चावी बंद, मूठ पूर्ण पिळून आठ-दहा किका. भोकातून पेट्रोलचा फवारा उडेल, चेहरा समोर नको. थोडी हवा लागू द्या, प्लग पुसून लावा, कॉक बंद ठेवूनच मूठ अर्धी पिळून किक मारा. चार वेळा खोकून, पांढरा धूर सोडून ती बहुतेक सुरू होते. मग कॉक उघडा. वाटीची निडल आणि तिची बैठक लवकर बघून घ्या, नाहीतर उद्या पुन्हा हेच.

करंट आहे, पेट्रोलही आहे

तरीही सुरू होत नसेल तर तीन संशयित राहतात, आणि इथे घरगुती काम संपत येतं.

पहिला सायलेन्सर. टू-स्ट्रोकमध्ये जळलेलं ऑइल काजळी होऊन सायलेन्सरमध्ये साचतं. जळका वायू बाहेरच पडला नाही तर नवं मिश्रण आत येणार कुठून? सायलेन्सरचा नट ढिला करून, इंजिनाकडचं तोंड थोडं मोकळं करून किक मारा. प्रचंड आवाज करत सुरू झाली तर चोर सापडला. उभ्या गाडीच्या नळीत गांधीलमाशांनी मातीचं घरटं केलेलंही सापडतं, ते आधी काडी घालून बघा.

दुसरा टायमिंग. मॅग्नेटोचं चाक क्रँकवर एका छोट्या अर्धगोल चावीने पक्कं बसतं. ती तुटली तर चाक सरकतं आणि ठिणगी भलत्याच वेळी पडते. किक पायावर उलटी येते, सायलेन्सरमधून फटाके फुटतात. टू-स्ट्रोक इंजिन उलटंही फिरू शकतं, त्यामुळे क्वचित पहिल्या गिअरला टाकल्यावर स्कूटर मागे निघाल्याचे जे किस्से ऐकू येतात, ते थापा नसतात.

तिसरा कॉम्प्रेशन, आणि टू-स्ट्रोकमध्ये ते दोन जागी लागतं. एक पिस्टनच्या वर: रिंगा झिजल्या की ते जातं. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरून किक मारा. अंगठा जोरात उडायला हवा. नुसतीच फुंकर लागली तर बोअर-रिंगांचं काम निघालं. दुसरं पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये. मिश्रण आधी तिथे येतं, खाली उतरणाऱ्या पिस्टनने दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. वयाने ते कडक झाले, चिरले, की ही जागा हवाबंद राहत नाही. मॅग्नेटोच्या बाजूचा सील गेला तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, गाडी सुरू होताना रडते आणि सुरू झाली की आयडलिंग आपोआप चढतं. क्लचच्या बाजूचा गेला तर इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं: धुराचा लोट थांबत नाही आणि गिअरबॉक्समधलं ऑइल न गळता कमी होत जातं. ज्यांच्या गाडीवर प्लग, कार्बोरेटर, कॉइल सगळं नवं लावून झालं आहे आणि तरी ती सुरू होत नाही, त्यांनी सीलचं नाव आधी घ्यावं. वरून दिसत नाहीत, म्हणून ते शेवटपर्यंत कुणाला आठवत नाहीत.

वर्षानुवर्षं पडून असलेल्या गाडीची गोष्ट जरा वेगळी. तिला पहिल्याच दिवशी किक मारू नका. प्लग काढून भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी मॅग्नेटोचं चाक हाताने फिरवून बघा. फिरलं तर बाकी सगळं वरच्या क्रमाने. अडलं तर ढकलून, गिअर टाकून जबरदस्ती करू नका. गंजलेली रिंग सिलिंडरला ओरखडे पाडते आणि वाचणारा सिलिंडर बोअरिंगला जातो.

सीलसाठी इंजिन उतरवून उघडावं लागतं. त्याला खास ओढण्या-बसवण्याची हत्यारं आणि सराव लागतो, तेव्हा ते या गाड्यांवर हात बसलेल्या मेकॅनिककडेच द्या. देताना "सुरू होत नाही" एवढंच सांगू नका. प्लग ओला होता की कोरडा, ठिणगी कशी होती, झाकण उघडून फरक पडला का, धूर किती, हे सांगा. त्याचे दोन तास आणि तुमचे पैसे वाचतात. इंजिन उघडलंच आहे तर दोन्ही सील आणि क्रँकची बेअरिंगं एकाच वेळी बदलून घ्या, कारण मजुरी उघडण्याचीच जास्त असते. सुटे भाग अजून मिळतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चेतकचं नाव काढलं की जुने दुकानदार मागच्या फळीवरून डबा काढतात. जाताना जुना भाग फडक्यात गुंडाळून बरोबर न्या आणि मगच नव्याचे पैसे द्या. चेतक, सुपर आणि एलएमएलचे सील हातात सारखेच वाटतात, पण इंजिनात सारखे बसतीलच असं नाही.